पहिला दोर

पाळकघर, पोर्टगॉर्न
१० जानेवारी २०१९

वॉल्टर,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग दुसरा कागद घेतला. अकरा वर्षं ज्याला एक ओळ लिहिली नाही, त्याला एकदम प्रिय म्हणणं मला जमत नाही, आणि तूही ते वाचून नाक मुरडलं असतंस. ई-मेल मुद्दाम करत नाही. ती तू न उघडता पुसून टाकशील. कागद निदान ग्लेनिस जपून ठेवेल. तुझी बायको मी कधी पाहिली नाही, पण दर नाताळला दोन ओळींचं कार्ड न चुकता पाठवते. आपल्या घरात असं वळण कुणालाच नव्हतं.

यंदाच्या कार्डावर तिसरी ओळ होती. 'वॉल्टरच्या फुफ्फुसात काहीतरी सापडलं आहे, तो कुणाला सांगू नको म्हणतो.' मी कुणाला सांगितलेलं नाही. पाळकाच्या पोटात गावाची गुपितं राहतात, त्यात एक आणखी.

कळवायचं एवढंच, की मला एप्रिलपासून तीन महिन्यांची अभ्यासरजा मंजूर झाली आहे. दहा वर्षं सेवा झाली की मागता येते. मी एकोणीस वर्षांनी मागितली. मी न्यूझीलंडला येते आहे. तुझ्यासाठी येत नाही, गैरसमज नको. तिकडे दक्षिणेला आपल्याच लोकांनी बांधलेली देवळं एकेक करून बंद पडताहेत. ती नीट कशी बंद करतात, ते मला बघायचं आहे. आमच्या देवळालाही फार तर पाच वर्षं आहेत. रजेच्या अर्जात 'या काळातून आपण काय मिळवू इच्छिता?' असा रकाना होता. मी 'विश्रांती आणि नवी दृष्टी' असं लिहिलं. वरच्या लोकांना असली वाक्यं आवडतात.

तुमच्या गावापासून तासाभरावर मी महिनाभर राहणार आहे. भेटायचं की नाही ते तू ठरव.

सामानाची यादी करायला बसले आहे. एक गोष्ट नक्की झाली. काळा झगा आणि दफनविधीचं पुस्तक इथेच राहणार. गेल्या वर्षी मी एकेचाळीस माणसं पुरली आणि दोन मुलांचा बाप्तिस्मा केला. तीन महिने कुणाला मातीआड करायचं नाही, हीच माझी खरी रजा.

रोडा


४ फेब्रुवारी

वॉल्टर,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी टपालवाला दिसला की मी दारात जाते. असो.

काल पंचमंडळाची बैठक झाली. रजेचा विषय शेवटी घेतला, म्हणजे सगळ्यांना घरी जायची घाई असते. चिटणीस आपली एफी रंसी. हो, तीच, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून तुझ्या कॉलरमध्ये शिंपले टाकायची ती. आता तिला तीन नातवंडं आहेत आणि मंडळीतलं पानसुद्धा तिला विचारल्याशिवाय हलत नाही.

"तीन महिने!" म्हणाली. "आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कारखान्याने तीन आठवडे दिले हो."

"गुडघा आणि आत्मा यांत फरक आहे, एफी," मी म्हटलं.

"आहे ना. गुडघा दुखतो तेव्हा कळतं तरी."

सगळे हसले. मीही हसले. मग ती म्हणाली, "तिकडे वॉटी आहे ना, तुमचा भाऊ? मग राहायची सोय झालीच." मी म्हटलं, मी अभ्यासाला चालले आहे. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. गाव विसरलेलं नाही, वॉल्टर. इथे कुणाच्या आजोबाने कुणाची जाळी कापली, तेही लोकांना अजून आठवतं. मग अकरा वर्षं म्हणजे कालची गोष्ट.

आठ दोर, आठ माणसं. शवपेटी कबरीत उतरवायला बांधलेले दोर, प्रत्येकाच्या हातात नंबराचं कार्ड, आणि डोक्याकडचा पहिला दोर थोरल्या मुलाचा. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि सँडी फाइंडलेच्या, आपल्या बाबांच्या, दफनाला त्याचा एकुलता एक मुलगा तीस तासांचा प्रवास करून आला आणि कबरीच्या काठावर कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला, हेही सांगेल. सातवा दोर मच्छी-लिलाववाल्याला मिळाला आणि तुला एकही नाही. लोकांनी पाहिलं.

पण मी तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगते. यादी बाबांची होती. त्यांनी स्वतः, अर्धांगाच्या झटक्यानंतर, डाव्या हाताने लिहिली होती. त्या वाक्यात काडीचं खोटं नाही.

आणि तू खरंच दुसरं काही अपेक्षिलं होतंस का? आईच्या नावाची बोट. 'जेसी फाइंडले'. बाबांनी बावीस वर्षं चालवली आणि तुझ्या नावावर करून दिली. तू ती सरकारच्या मोडतोड योजनेत दिलीस. धक्क्यावर ओढून घेतली आणि यंत्राच्या पंजाने दुपारपर्यंत तिचा चुरा केला. बाबा वखारीच्या भिंतीशी उभे होते. मी त्यांना घरी चला म्हणत होते. ते म्हणाले, "तिचं नाव निघेपर्यंत थांबतो." नावाची फळी शेवटी निघाली. तू पैसे घेतलेस आणि जगाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलास. मासे संपले होते, कोटा संपला होता, सगळ्यांच्याच बोटी गेल्या, मला माहीत आहे. पण सगळ्यांच्या बोटींवर आपल्या आईचं नाव नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षं बाबांना मी सांभाळलं. देवळाचं काम, आजाऱ्यांच्या भेटी, रविवारचा उपदेश, आणि मधल्या वेळात त्यांना उचलणं, धुणं, भरवणं. तू फोनवर विचारायचास, "त्यांना जरा बागेत नेतेस ना? डॉक्टर बदलून बघ." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. फाडत नाही.

रोडा


२६ फेब्रुवारी

वॉल्टर,

पाळकघर रिकामं करते आहे. माझ्या जागी तीन महिने निवृत्त पाळक डाल्गार्नो आणि त्यांच्या सौभाग्यवती येणार आहेत. त्यांना धुळीचा त्रास आहे, असं त्यांनी दोनदा पत्राने आणि एकदा फोनवर कळवलं. घर मंडळीचं, माझं नाही, त्यामुळे मला माझी धूळसुद्धा ठेवायचा हक्क नाही. माझं सगळं वरच्या एका खोलीत कोंबून कुलूप लावायचं आहे. एकोणीस वर्षं एका घरात राहून माझी जमा एक खोली.

डॉड मेअर मदतीला येतो. आठवतो ना, चर्चचा सेवक? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला. अजून रविवारी पवित्र शास्त्र छातीशी धरून माझ्यापुढे चालतो, व्यासपीठावर ठेवतो, आणि मला आत घालून व्यासपीठाचं छोटं दार लावून घेतो. "पळून जाऊ नये म्हणून," असं म्हणतो. गावातल्या प्रत्येक दफनाची कार्डं अजून तोच लिहितो. हात कापतो, पण कार्ड लिहिताना कापत नाही.

काल आम्ही अभ्यासिकेतली पुस्तकं खोक्यात भरत होतो. माझे उपदेश निघाले, एकोणीस वर्षांचे, सालवार. डॉडने एक गठ्ठा हातावर तोलला.

"क्षमेवरचे किती असतील हो यात?"

"मोजले नाहीत."

"मी सगळे ऐकलेत. चांगले असतात. एकदा तर एफी रडली होती." मग गठ्ठा खोक्यात टाकून म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते आम्हालाच, की सांगणाऱ्यालाही?"

मी त्याला चहा करायला पाठवलं.

मग बाबांची यादी सापडली. एका जुन्या भजनांच्या पुस्तकात होती. पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, डाव्या हाताची ती वाकडीतिकडी अक्षरं. आठ नावं. एका जागी खाडाखोड आहे. तेव्हा बाबांचं डोकं कधी ठिकाणावर असायचं, कधी नसायचं. एखादं नाव लिहून त्यांनी मागाहून बदललं असेल. तुला हवी असेल तर आणते.

तू काही कळवलं नाहीस तरी ग्लेनिसचं पत्र आलं. तुझ्यावर उपचार करायचे नाहीत असं ठरलं, आणि ते तूच ठरवलंस, असं लिहिते. 'संध्याकाळी व्हरांड्यात बसतो आणि बंदरातल्या बोटी मोजतो. वडिलांबद्दल कधी बोलत नाही. एकदाच म्हणाला, म्हाताऱ्याने मरतानाही मला माफ केलं नाही.'

हे वाक्य वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि खोकी भरायला लागले. बारा खोकी भरली.

हवा इथे नेहमीसारखीच घाण आहे. वाऱ्याने देवळाच्या छपराची चार कौलं नेली.

रोडा


१३ मार्च

वॉटी,

आज जिम कोवीला पुरलं. बोटीवरचा जुना खलाशी, बाबांच्या पिढीतला शेवटचा. त्याची मुलगी नेटा त्याच्याजवळ नऊ वर्षं राहिली, लग्न मोडून राहिली. मुलगा नॉर्मन अॅबरडीनला, गाडी चकाचक, बापाकडे महिन्यातून एकदा रविवारी. आलं का लक्षात, मला हे घर किती ओळखीचं वाटलं असेल?

सोमवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. डॉडने आठ कार्डं टेबलावर मांडली होती. पहिल्यावर नॉर्मन. आठांत नेटाचं नाव नव्हतं, कारण जिमही बाबांसारखाच, दोर बायकांच्या हातात शोभत नाहीत म्हणणारा. मी मनात म्हटलं, आता भांडण पेटणार. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. नेटाने ते कार्ड उचलून चुलीत टाकावं, असं मला वाटत होतं.

नॉर्मनने कार्ड उचललं आणि बहिणीपुढे सरकवलं. "हे तुझं," म्हणाला. "नऊ वर्षं तू उचललंस. खाली सोडायचं पण तूच."

नेटा म्हणाली, "चल, शहाणा! डोक्याकडे तू राहा, लोक काय म्हणतील? मला पायाकडचा दे, दोन नंबरचा. रोज मोजे मीच घालत होते त्यांना, पाय माझ्या ओळखीचे आहेत." डॉडने दोन नंबरचं कार्ड तिथेच नवं लिहून दिलं. ज्याचा तो होता, तो चुलतभाऊ आनंदाने मागे सरला. मग लोणी लावलेल्या बटऱ्या, आपले ते खारट चपटे पाव, आणि चहा. पाच मिनिटांत झालं सगळं.

वॉटी, मी तेव्हा तुला फक्त विचारायला हवं होतं. तू नाही म्हणाला असतास का? तू पहिला दोर मला देऊन टाकला असतास, आणि वर माझी थट्टा केली असतीस. मला हे तेव्हाही माहीत होतं. पण मला मागायचं नव्हतं. माझी सेवा न मागता कुणाच्या तरी डोळ्यांत भरावी, असं मला वाटत होतं. पाळक असूनसुद्धा, की पाळक म्हणूनच, कोण जाणे.

आज कबरीवरून परत येताना डॉड माझ्याबरोबर चालत होता. दफनभूमीच्या फाटकाशी थांबला.

"पाळकबाई, जगाच्या टोकाला चाललाय. विमानवाले ठरलेल्या वजनाच्या वर घेत नाहीत म्हणतात. ते एक ओझं इथेच उतरवून गेलात तर बरं."

"कसलं ओझं?"

"सँडीची कार्डं मी दोनदा लिहिली. मंगळवारी एकदा, आणि बुधवारी संध्याकाळी एकदा. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. तुमच्या भावाला मी तोंडावर फसवलं, त्याने मला विचारलं तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तुमचं तुम्ही बघा. माझं मला वर जाऊन सांगायचंय, आणि तिथे मला 'पाळकबाईंनी सांगितलं' एवढंच म्हणता येणार आहे."

तर आता लिहिते. मागच्या तिन्ही पत्रांत मी जे लिहायचं टाळलं, ते.

यादी मला त्या दिवशी खोकी भरताना सापडली नाही. ती कुठे आहे हे मला अकरा वर्षं माहीत होतं. दर वर्षी त्या तारखेला मी ते भजनांचं पुस्तक काढते आणि न उघडता परत ठेवते.

यादी बाबांची होती हे खरं. पहिलं नाव तुझं होतं.

'१. वॉटी.' वॉल्टर नाही, वॉटी. बोट गेल्यावर त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, तू घरात असताना तुला 'तो' म्हणायचे. ते नाव त्यांनी त्या डाव्या हाताने लिहिलं आणि पाकीट माझ्या हातात देताना म्हणाले, "त्याला सांग, डोक्याकडचा त्याचाच." जीभ जड होती, दोनदा म्हणाले, मला समजलं नाही असं वाटून. मला पहिल्यांदाच समजलं होतं. उरलेली सात नावं पुरुषांची. बोटीवरचे, बाजारातले. माझं कुठेच नाही. पाच वर्षं ज्या हातांनी त्यांचं तोंड पुसलं, ते हात त्यांना यादी करताना दिसले नाहीत.

तरीही मंगळवारी मी ती यादी जशीच्या तशी डॉडला दिली. हे माझ्या बाजूने एवढंच आहे, म्हणून लिहिते.

बुधवारी तू आलास. बाबांच्या खुर्चीत बसलास. जागा दुसरी नव्हती, मला कळतं. खिमा-बटाटा खाल्लास, बशी पुसून खाल्लास, आणि म्हणालास, "थकलेली दिसतेस, रोडा. चला, आता तुला जरा मोकळं होता येईल."

मोकळं! तू प्रेमानेच म्हणालास. हे मला आता कळतं असं नाही, तेव्हाही कळलं होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कोट घातला, डॉडकडे गेले, त्याच्या टेबलावरचं पाकीट घेऊन तुझ्या नावावर काट मारली आणि माझं लिहिलं. डॉड म्हणाला, "सँडीला विचारलं का?" मी म्हटलं, "मी त्यांची पाळक आहे."

रात्री तू विचारलंस, "माझं कार्ड?" मी म्हटलं, "यादी बाबांची आहे, वॉल्टर." त्या वाक्यात काडीचं खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं चाललं. तू मान हलवलीस. म्हणालास, "बरोबर आहे. त्यांचा हक्क आहे." आणि भांडी घासायला उठलास. मी तुझ्या पाठीकडे बघत बसले. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कबरीवर मी विधीचं पुस्तक मधेच मिटलं, डॉडच्या हातात दिलं आणि पहिला दोर धरला. 'मातीस माती' तोंडपाठ म्हटलं. दोर सोडल्यावर पुस्तक परत घ्यायचं भान राहिलं नाही. शेवटचा आशीर्वाद झालाच नाही. गावाला वाटलं, मुलगी आहे, दुःखाने विसरली. मला दुःख नव्हतं झालेलं. मी जिंकले होते.

तुझ्या बापाने तुला माफ केलं होतं, वॉटी. ती माफी त्यांनी माझ्या हातात दिली, तुला पोचवायला, आणि मी ती ठेवून घेतली. मग अकरा वर्षं व्यासपीठावरून लोकांना सांगत राहिले, की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढा. एफी रडली ती त्याच उपदेशाला.

पाकीट सोबत पाठवते. मूळ. मी आणायची वाट बघण्यात अर्थ नाही, तुझ्याकडे तेवढे दिवस असतील की नाही मला माहीत नाही. काट माझी आहे. तिच्याखालचं नाव उजेडात धरलं की वाचता येतं.

मी देवळं बघायला येत नव्हते.

रोडा


३ एप्रिल

प्रिय वॉटी,

तुझं पत्र काल आलं. अक्षर पाहून आधी ओळखलंच नाही, ते बाबांच्या डाव्या हातासारखं झालं आहे. मी ते पायऱ्यांवर बसून वाचलं, कारण खुर्च्या वरच्या खोलीत कोंबल्या आहेत. तू लिहिलंस ते इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मी ते नीट वाचलं आहे हे तुला कळेल.

'रोडा, पाकीट मिळालं. ग्लेनिसने खिडकीशी धरलं, नाव वाचता आलं. मी तुला माफ केलेलं नाही. करायला वेळ लागेल आणि तेवढा नाही. अकरा वर्षं मी बाबांवर चिडून होतो. त्यांच्या फोटोकडे पाठ करून बसलो. ती वर्षं तू मला परत देऊ शकत नाहीस.

'इथे पेटी पट्ट्यांवरून यंत्राने सोडतात. मी त्यांना सांगितलं, ते चालणार नाही, दोर लागतील, आठ. त्यांना काही कळेना, ग्लेनिसने चित्र काढून दाखवलं. धक्क्यावरची पोरं तयार आहेत. यादी केली आहे. तुझं नाव तीत नाही. ही यादी मी स्वतः लिहिली आहे आणि ती ग्लेनिसजवळ आहे, तेव्हा या खेपेला खात्री बाळग.

'पण ये. लवकर ये. इथला पाळक मुलगा गुणी आहे, पण तो सगळं गिटारवर म्हणतो. कुणीतरी पुस्तकातून नीट वाचणारं पाहिजे. आणि शेवटचा आशीर्वाद म्हणायला विसरू नकोस. बाबांचा राहिलेला पण त्यातच म्हण. वॉटी.'

दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. डॉड झाडू घेऊन आला होता, तो दारातूनच परत फिरला आणि अर्ध्या तासाने बटऱ्यांची पिशवी घेऊन आला. मी त्याला पत्र वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"माफ नाही केलं म्हणतोय," मी म्हटलं.

"वाचता येतं मला." त्याने पत्र घडी करून दिलं. "फाइंडले लोक आहात. तोंडाने कधी कुणी काही दिलंय का तुमच्यात? बाबा पाकिटावर लिहितात, हा आज्ञा करतो. जा आता. आणि त्याला सांगा, डॉडने दुसरीकडे बघितलं होतं. डॉडला ठाऊक आहे."

सांगते आहे. त्याने सांगायला सांगितलं म्हणून नव्हे.

मला राग आला नाही असं नाही. यादीत माझं नाव नाही हे वाचताना अजून काहीतरी टोचलं. अठ्ठावन्न वर्षांची झाले, झगा घालून फिरते, आणि अजून टोचतं. पण ते बरोबर आहे. दोर ज्याचा त्याने द्यायचा असतो. मागून मिळाला असता, तो मी चोरला. आता न मागता मिळालं आहे ते पुस्तक आहे.

विमान सहा तारखेला होतं, ते बदलून उद्याचं घेतलं. हे पत्र बरोबरच आणते, टपाल माझ्यानंतर पोचेल. एफीने मंडळीतर्फे गाडीची सोय केली. "अभ्यासाला एवढी घाई?" म्हणाली. मी म्हटलं, "वॉटी आजारी आहे, एफी. मी त्याला भेटायला चालले आहे." तिने माझी कॉलर उगीचच नीट केली. म्हणाली, "त्याला म्हणावं, शिंपले अजून आहेत माझ्याकडे."

संध्याकाळी बॅग पुन्हा उघडली. वजन जास्त झालं होतं. चालायचे बूट काढले, देवळांवरची दोन जाड पुस्तकं काढली, जाड लोकरीचा स्वेटर काढला. झगा घडी करून घातला. दफनविधीचं पुस्तक त्याच्या वर. त्याची पाठ सुटत आली आहे. पान एकशे चारवर, जिथे मी त्या दिवशी मिटलं होतं, तिथे डॉडने तेव्हा बोट घातलं असावं, मातीचा डाग आहे.

तू जिवंत असताना पोचले तर आधी भांडून घेऊ. तू बाबांच्या खुर्चीत बसलास त्यावरून सुरुवात करू. तेवढा वेळ ठेव.

आणि नंतर, जेव्हा केव्हा ते नंतर येईल, मी काठावर उभी राहीन. पोरं दोर सोडतील. मी पहिल्या ओळीपासून आशीर्वादापर्यंत सगळं वाचीन, बाबांचं धरून. पुस्तक दोन्ही हातांनी धरीन.

तुझी,
रोडा